सतराच्या पाढ्याचं गाऱ्हाणं

सतराचा पाढा मला येत नाही, ही गोष्ट मी सत्तेचाळीस वर्षं यशस्वीपणे लपवली होती. त्यातली पहिली सात-आठ सोडा, तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं. पुढची मात्र मेहनत करून लपवली. शाळेत सगळा वर्ग ओरडत असताना मी मागच्या बाकावरून नुसते ओठ हलवायचो आणि शेवटचं 'सतरा दाहे एकशे सत्तर' एवढंच सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायचो. गुरुजींना वाटायचं, लिओन डिसोजा एकदम तयार आहे. पुढे गणकयंत्र आलं, मग मोबाईल आला, आणि मी तालुक्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक झालो. वरिष्ठ लिपिकाला कुणी पाढे विचारत नाही. प्रश्न विचारायचं काम त्याचं असतं.

हे सगळं माझ्या मुलीने घालवलं.

डेलिशा चौथीत आहे, आचऱ्यातल्या आमच्या वाडीच्या शाळेत. हुशार आहे, हे मी बाप म्हणून सांगत नाही. म्हणजे बाप म्हणूनच सांगतोय, पण खरं आहे. फक्त चार माणसांसमोर उभी राहिली की तिची वाचा बसते. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात बाराचा पाढा म्हणायला म्हणून ती व्यासपीठावर गेली, 'बारा एके बारा' म्हणाली आणि जी गप्प झाली ती गप्पच. शेवटी हाताला धरून खाली आणावी लागली. पाढ्यांचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखतं. नाटक नाही, खरंच दुखतं. पोर भिंतीकडे तोंड करून आडवी होते आणि मला ते बघवत नाही.

यंदा शाळेत प्राजक्ता बाई बदलून आल्या. साताऱ्याकडच्या, तरुण आणि फार उत्साही. त्यांनी स्नेहसंमेलनासाठी 'पालक-पाल्य पाढे' अशी स्पर्धा काढली. एक ओळ मुलाने म्हणायची, पुढची आईने किंवा बापाने, मग परत मुलाने. त्याने मुलांची भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. ती जाऊन कुठे बसते याचा विचार त्यांनी केलेला दिसला नाही. कोणाला कोणता पाढा यावरून भांडणं नकोत म्हणून त्यांनी सोपा नियम केला: हजेरीत जो क्रमांक, तोच पाढा. आता क्रमांक एकच्या मुलाला एकचा पाढा आला, यात कौतुक कसलं करायचं? धोंडू मेस्त्रीच्या मुलीचा क्रमांक दहा, म्हणून धोंडूला दहाचा. डेलिशाचा सतरा. मी धोंडूला रस्त्यात गाठून नशीबवान म्हटलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "माका जरा टेन्शनच इलाहा."

आपण होऊन मी या स्पर्धेच्या वाटेला गेलो नसतो. पण डेलिशाने भर वर्गात सांगितलं होतं, की माझ्या पपांना तीसपर्यंत पाढे पाठ आहेत. हे मला बाईंकडून कळलं, नाव नोंदवून झाल्यावर. घरी मी तिला विचारलं, तर मान खाली घालून ती म्हणाली, "तुमी बाजूक उभे रवलास तर मी म्हणतलंय. नायतर मी जावचंय नाय."

म्हणजे सगळा भार माझ्यावर. माझा आकडा चुकला तर पोर पुन्हा गप्प होणार, आणि या वेळी कायमची. बापाच्या जिवाला घोर लागायला याहून काय लागतं?

त्यात एक फॉर्म आला. फॉर्मच्या तळाला स्वयंघोषणापत्र होतं. 'मी घोषित करतो की मला नेमून दिलेला पाढा मला येतो. सदर माहिती खोटी आढळल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन.' असली घोषणापत्रं मी हजारो लोकांकडून घेतली आहेत, पण त्यातला मजकूर पूर्ण वाचण्याची माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली. सही केली खरी, पण ती माझी मलाच ओळखू आली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेलो.

"बाई, माझ्याऐवजी डेलिशाच्या आईचं नाव घालता येईल का?"

"का हो? तुम्हाला तर तीसपर्यंत येतात."

"येतात, तसे येतात. पण सध्या कार्यालयात कामाचा ताण आहे."

"यादी केंद्रावर गेली," बाई म्हणाल्या. "आता बदल करायचा तर केंद्रप्रमुखांची लेखी परवानगी लागेल. अर्जात सबळ कारण द्या, आणि कारणाचा पुरावा जोडा."

हे वाक्य मी स्वतः दिवसातून आठ वेळा बोलतो. टेबलाच्या या बाजूने ते इतकं वाईट ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. सबळ कारण माझ्याकडे होतं, पुरावाही होता, पण दोन्ही अर्जावर लिहिण्यासारखं नव्हतं. मी परत आलो. हातात पंधरा दिवस होते.

तसं पाहिलं तर मला पाचच आकडे पाठ करायचे होते. एके, त्रिक, पाचे, साते, नव्वे डेलिशाचे. दुणे, चोक, सक, आठे, दाहे माझे. त्यातला दाहे तर लहानपणापासून येत होता. राहिले चार. माणूस मोबाईलचे दहा आकडे पाठ करतो, मग चाराला किती वेळ लागणार? असं म्हणून मी सात दिवस काढले.

आठव्या दिवशी इनासियाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगावंच लागलं. ती चर्चच्या कॉयरमध्ये गाते. तिच्या मते चालीत बसवलं की काहीही पाठ होतं. तिने सतराचा पाढा एका नाताळच्या गाण्याच्या चालीवर बसवला आणि गाऊन दाखवला, तेव्हा मला भरून आलं. अडचण एवढीच, की मी गाताना चाल बरोबर यायची आणि आकडा पुढे-मागे व्हायचा. शिवाय मधलीच ओळ विचारली तर मला पहिल्यापासून गात यावं लागे. "तुमचो आवाज पाढ्याक पण लागना नाय," असं म्हणून इनासिया चुलीकडे वळली. चूल म्हणजे गॅसच, पण रागावली की ती चुलीकडेच वळते.

कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर दत्तप्रसाद बसतो. गणितात बी.एस्सी. आहे, हे तो आठवड्यातून एकदा तरी सांगतो. त्याला मी 'मुलीसाठी' म्हणून विचारलं.

"सतरा म्हणजे वीसात तीन कमी," तो म्हणाला. "वीसचो पाढो म्हणायचो, तेच्यातून तीनचो वजा करूचो. मिटलो विषय."

विषय मिटला नाही. एका डोक्यात एक पाढा राहात नव्हता, तिथे दोन आले, वर वजाबाकी. सतरा आठे काढायला मी एकशे साठातून चोवीस वजा करत बसलो असताना समोर काशीबाई उभ्या होत्या. नळजोडणीचा अर्ज घेऊन आल्या होत्या बिचाऱ्या. मी त्यांच्या अर्जावर शेऱ्याच्या रकान्यात '१६० वजा २४' असं लिहून खाली सही-शिक्का मारला. साहेबांनी लाल शाईने विचारलं, '१६० कशाचे? २४ का वगळले? खुलासा व्हावा.' फाईल दोन दिवस फिरली. काशीबाई पुन्हा आल्या. "बाबा, माझो नळ एकच आसा," त्या म्हणाल्या. "ह्ये एकशे साठ खंयसून काढलास?" मी त्यांच्याकडून झेरॉक्स मागून घेतली आणि वेळ मारून नेली.

शेवटी मी कारकुनी मार्ग धरला. बॉलपेनाने डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, चारही आकडे लिहिले आणि वर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. स्कूटर सिग्नल नसलेल्या रस्त्यावरही थांबवून मी बाही वर करून बघायचो. असाच एकदा वाडीच्या वळणावर थांबलो असताना गुरुदासने मला पकडलं.

गुरुदास म्हणजे आमच्या दगडी गडग्यापलीकडचा शेजारी. बागायतदार माणूस, पण त्याची खरी ओळख आवाजाची. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे आहे. देवळातच काय, नवी होडी पाण्यात उतरली, नवं दुकान उघडलं, क्रिकेटची टूर्नामेंट सुरू झाली, तरी गाऱ्हाण्याला गुरुदासच लागतो. तो खड्या आवाजात देवाला एकेक मागणं सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे आमच्याकडे सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की मी ख्रिश्चन असूनही माझ्या तोंडून ते आपसूक निघतं.

त्याने माझा हात धरून आकडे वाचले. मला खरं सांगावं लागलं.

"हातार लिवन पाढो येता काय रे?" गुरुदास म्हणाला. "तुझ्या डोक्यात रवना नाय, तेचा कारण काय ठावक आसा? तू सांगतंस, पण समोरसून कोण व्हय म्हणना नाय. व्हय म्हणणारो गावलो की सगळा याद रवता. माका बघ. बारा वाड्यांचे देव एका दमात सांगतंय, माका कधी कागद लागलो?"

यात कुठेतरी चूक आहे असं मला वाटत होतं, पण ती सापडेना. बारा वाड्यांचे देव तो खरंच कागदाशिवाय सांगतो.

त्याच संध्याकाळी त्याच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. आधी त्याने माझ्यासाठी एक छोटं गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो लिओन सतराच्या पाढ्यात अडाकलो हा, तेची वाट मोकळी कर रे म्हाराजा." मग मला उभं केलं. मी म्हटलं, "सतरा दुणे चौतीस." गुरुदास म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याचा भाऊ आणि दोन गडी होते, तेही म्हणाले. आणि काय सांगू, आकडा आत जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाढ्याला कुणीतरी होकार दिला होता. सतरा चोक अडुसष्ट, सतरा सक एकशे दोन, धडाधड बसत गेले. आठेला आलो. दिवसभराच्या घामाने हातावरच्या १३६ मधला मधला आकडा धुऊन गेला होता. एक आणि सहा तेवढे उरले होते. एकशे साठातून चोवीस काढायचे की चौदा, यात मी क्षणभर गुरफटलो, आणि मग म्हटलं, "सतरा आठे एकशे शेहेचाळीस."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"बरोबर मां?" मी विचारलं.

"एवढी माणसां व्हय म्हणतत," गुरुदास म्हणाला, "मगे चुकात कसा?"

सर्वानुमते मंजूर झालेला आकडा पुन्हा तपासायची पद्धत आमच्या खात्यात नाही. मी हात धुऊन टाकला.

पुढच्या तीन संध्याकाळी माणसं वाढत गेली. पंधरा झाली, वीस झाली. बायका कडेला बसून हो म्हणू लागल्या. माझं गुपित सगळ्या वाडीला कळलं होतं, फक्त डेलिशाला कळलं नव्हतं, असं मी समजून चाललो होतो. इनासियाला निराळीच काळजी. "फादर इचारतीत तर काय सांगतलास?" रविवारी मिस्सानंतर फादर खरंच जवळ आले. "लिओन, सतराचा म्हणे?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. "मी प्रार्थना करतो," असं म्हणून ते पुढे गेले.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेच्या मैदानात मांडव भरला. तीनशे माणूस असेल. परीक्षक म्हणून केंद्रप्रमुख आले होते, तेही घाटावरचे. त्यांच्यापुढे सगळ्या पाढ्यांची उत्तरं टाईप केलेला कागद होता. धोंडूने दहाचा पाढा घाम पुसत पुसत म्हटला आणि टाळ्या घेतल्या. मग बाईंनी पुकारलं, "क्रमांक सतरा." डेलिशाचा हात माझ्या हातात होता.

"सतरा एके सतरा," ती पुटपुटली. आवाज मायकपर्यंत पोचला नाही.

माझी पाळी. मला पाढ्याची एकच लय येत होती. मी छाती भरून घेतली आणि गुरुदासच्या अंगणातल्यासारखं खड्या आवाजात म्हटलं, "सतरा दुणे चौतीस."

मागून चार-पाच आवाज आले, "व्हय म्हाराजा."

प्राजक्ता बाईंनी दचकून मागे पाहिलं. डेलिशा म्हणाली, "सतरा त्रिक एक्कावन्न." मी म्हटलं, "सतरा चोक अडुसष्ट," आणि अर्धा मांडव म्हणाला, "व्हय म्हाराजा." लोकांचा दोष नव्हता. त्या चालीत वाक्य कानावर पडलं की इथल्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. "शांतता राखा," बाई म्हणाल्या, "हे कोण बोलतंय?" कोण बोलतंय हे त्यांना कसं सांगणार, सगळेच बोलत होते. सतरा सकला तर पुढच्या खुर्चीतल्या सरपंचांनी हात जोडले. मला मात्र आतून बळ चढलं होतं. डेलिशा म्हणाली, "सतरा साते एकशे एकोणीस." आणि मी, कुठलीही शंका मनात न ठेवता, म्हटलं, "सतरा आठे एकशे शेहेचाळीस."

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव दणाणला.

केंद्रप्रमुखांचं पेन थांबलं. त्यांनी आपल्या कागदाकडे पाहिलं, मग तीनशे माणसांकडे, मग पुन्हा कागदाकडे. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांनी कागदावरचा आकडा खोडला.

तेवढ्यात माझ्या कोपराजवळून आवाज आला. मायकमधून, अगदी स्वच्छ.

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला कुणी 'नाय' म्हटल्याचं आमच्या गावात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. काशीबाईंनी छातीवर हात ठेवला. मी खाली बघितलं. डेलिशा माझ्याकडे बघतही नव्हती, समोर बघत होती.

"सतरा आठे एकशे छत्तीस," ती म्हणाली. "सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. सतरा दाहे एकशे सत्तर."

दाहे माझा होता. जन्मभर जपलेली ती एकच ओळ, तीसुद्धा तिने घेतली. मग शेवटच्या रांगेत गुरुदास उठून उभा राहिला आणि देवळात म्हणतो तसा म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि त्याच्यामागून सगळा गाव म्हणाला.

बक्षीस मिळालं नाही. पाल्याने पालकाच्या ओळी म्हणणं नियमात बसत नव्हतं. केंद्रप्रमुख चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "डिसोजा, एकशे छत्तीसच ना, नक्की?" मी त्यांना मुलीकडे पाठवलं. गुरुदासने मात्र चूक पत्करली नाही. त्याच्या मते आकडा माझा होता, त्याने फक्त होकार दिला होता. कायद्याने हे बरोबर आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

संध्याकाळी पडवीत डेलिशा गृहपाठ करत होती. मी शेजारी जाऊन बसलो. सकाळपासून मला काही उमगत नव्हतं.

"तू भिलंस नाय?" मी विचारलं.

"भिवूक वेळच गावलो नाय. तुमी चुकलास."

"डेलिशा, माका सतराचो पाढो येना नाय गो."

"माका ठावक आसा," ती वहीतून वर न बघता म्हणाली. "तुमका तेराचो पण येना नाय."

"मगे तीसपर्यंत येतत म्हणान बाईंका कित्याक सांगलंस?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "तुमी सांगणास नाय? अ‍ॅलनमामा म्हापशासून इलो की तुमी तेका सांगतास, आमच्या चेडवाक तीसपर्यंत येतत. माका खंय येतत? मामा इचारीत म्हणान मगे माका बसान शिकूचे लागतत. म्हटलंय, तुमचा पण तसाच केल्यार तुमी शिकतलास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी रीत सांगावी तशी सांगत होती. अ‍ॅलन, माझा मेहुणा, दोन-तीन महिन्यांनी एकदा येतो. त्याची मुलं इंग्रजी शाळेत आहेत, म्हणून मी दर वेळी आधी आमचे पाढे काढतो. आणि दर वेळी तो आला की डेलिशाच्या पोटात दुखतं आणि आम्ही तिला ओव्याचं पाणी देतो. हे सगळं मी चार वर्षं बघत होतो, पण एकापुढे एक ठेवून कधी बघितलं नव्हतं. पंधरा दिवस माझ्या पोटात जो गोळा होता, तो तिच्या पोटात चार वर्षं होता आणि तो मीच घातला होता. मला फार लाज वाटली.

फोन वाजला. अ‍ॅलनच होता. इनासियाने त्याला संमेलनाचं सांगितलं असणार.

"काय भाऊजी," तो म्हणाला, "चेडवाचे पाढे काय म्हणतत? तीसच्या फुडे गेला मां?"

डेलिशाने वहीवर मान घातली. पेन्सिल मात्र हलत नव्हती.

"नाय रे," मी म्हटलं. "तिका सतरापर्यंत येतत. माका बारापर्यंत."

अ‍ॅलनने घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "भाऊजी, तब्येत बरी आसा मां?"

"अकरापर्यंत," डेलिशा मान वर न करता म्हणाली.